मशीनच्या कपाळावरचं कुंकू

दिवाळी अंकासाठी नोकरीतला एखादा गमतीदार अनुभव लिहा, असं संपादकांनी याआधीही दोन-तीनदा सांगितलं होतं. दर वेळी मी काही ना काही सबब काढली. कधी मोतीबिंदूचं ऑपरेशन, कधी नातीची परीक्षा. खरं कारण असं की लोकांना हसवेल असा माझ्याकडे एकच अनुभव आहे आणि तो अर्धाच सांगायची मला सवय झाली आहे.

तो अर्धा भाग असा : आमच्या सातारच्या खोलीत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सुभेदारांनी खांडेनवमीला मशीनची पूजा केली, त्याला हळदीकुंकू वाहिलं, आणि दसरा उलटतो न उलटतो तोच सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षबागा मुक्या झाल्या. लग्नाच्या पंगतीत ही गोष्ट सांगितली की शेजारचा माणूस जिलबी खाता खाता थांबतो. माझ्या निरोपसमारंभात ती मीच सांगितली. लोक पोट धरून हसले. पहिल्या रांगेत बसलेली माझी बायको तेवढी हसली नाही. उरलेला अर्धा भाग घरात तिला एकटीला माहीत होता.

आता तो लिहितो. त्यासाठी आधी आमचं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर चूक कुठे झाली ते कळणार नाही.

माझं अर्धं आयुष्य टेलिफोन खात्यात गेलं. थोडं साताऱ्यात, बरंचसं सांगलीत. खात्याने लवकर निवृत्त व्हायची मुभा दिली तेव्हा घरी बसवेना म्हणून सांगलीतल्याच एका कंपनीत लागलो. द्राक्ष बागायतदारांचे संघ, दूध संस्था, पतसंस्था यांना स्वतःचे मोठे कॉम्प्युटर परवडत नसत. ती सगळी कामं आमची कंपनी एका जागी सांभाळत असे. मोठी खोली सांगलीत आणि दुसरी, आधाराला, साताऱ्यात. कृष्णेला पूर आला आणि सांगलीत पाणी शिरलं तरी सातारा उंचावर आहे, असा त्यामागचा साधा हिशेब.

आमच्या मोठ्या मशीनच्या पोटात बरीच छोटी मशीनं राहत. ती खरी नसत, प्रोग्रॅमने उभी केलेली असत. पण प्रत्येक ग्राहकाला वाटे की आपलं मशीन स्वतंत्र आहे. आता एवढी मशीनं एकमेकांशी बोलणार म्हणजे त्यांच्यामध्ये कुणीतरी हवा. तो म्हणजे स्विच. एस.टी. स्टँडवरचा पार्सलवाला जसा पत्ता वाचून कुठलं पार्सल कुठल्या गाडीच्या टपावर टाकायचं ते ठरवतो, तेच याचं काम. फक्त हा पार्सलवालाही हाताला लागणारा नव्हता, तोही प्रोग्रॅमच. जगभरच्या लोकांनी मिळून तो लिहिलेला आणि कुणीही घ्यावा, हवा तसा बदलावा, असा मोकळा ठेवलेला. आम्ही तो घेतला होता.

सांगलीतल्या मशीनला सातारच्या मशीनशी बोलायचं असलं की हा स्विच एक युक्ती करी. आलेलं पार्सल आणखी एका खोक्यात घाली आणि खोक्यावर फक्त सातारच्या खोलीचा पत्ता लिही. वाटेत कुणाला आतलं दिसत नाही. साताऱ्यात खोका उघडायचा आणि आतलं पार्सल ज्याचं त्याला द्यायचं. यालाच टनेल म्हणतात. आमचे एक ग्राहक त्याला बोगदा म्हणत. ते पुढे येतील. मलाही तोच शब्द आवडतो.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना साताऱ्यात नवी लाईन घ्यावी लागली. तिच्याबरोबर इंटरनेटचे नव्या धाटणीचे पत्ते आले. जुने पत्ते लहान होते आणि जगभर संपत आले होते, नवे लांबलचक. आमच्या स्विचमध्ये खोक्यावरचा पत्ता लिहायला जो खण होता, तो जुन्या पत्त्याच्या मापाचा. धोतराच्या घडीत गालिचा बसवायचा तसं झालं. कंपनीने विचारलं, "पोतदारसाहेब, पुण्याच्या लोकांना द्यायचं का काम?" मी म्हणालो, "मी करतो." का म्हणालो कोण जाणे. तोवर आयुष्यभर दुसऱ्यांनी बनवलेली यंत्रं दुरुस्त केली होती. स्वतःचं काही बनवलं नव्हतं.

ते काम करताना मी फार सुखात होतो, हे मान्य केलं पाहिजे. खण मोठा करायचा म्हणजे नुसती एक भिंत पाडून भागत नाही. तो पत्ता ज्या ज्या ठिकाणी वाचला जातो, लिहिला जातो, ताडून पाहिला जातो, त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन दार रुंद करायचं. शिवाय जुने पत्तेही चालू राहायला हवेत. तिथे टेलिफोन खातं कामाला आलं. पूर्वी नंबर वाढले तेव्हा आम्ही जुन्या नंबरापुढे एक आकडा लावून त्याला नव्या लांबीचा केला होता. इथेही तसंच : जुन्या पत्त्यापुढे शून्यं भरायची, एक ठरलेली खूण करायची आणि तो नव्या खणात निजवायचा. म्हणजे स्विचला दोन तऱ्हेचे खण ठेवायला नकोत. आणखी एक गंमत होती. जुन्या पद्धतीत 'हा पत्ता कुणाचा?' म्हणून स्विच साऱ्या गावात दवंडी पिटे. नव्या पद्धतीत फक्त भावकीत हळूच विचारायचं. ते शिकवताना मला स्विचचंच कौतुक वाटायला लागलं.

लिहून झालं तेव्हा मी ते त्या जगभरच्या लोकांकडे पाठवलं. त्यांनी बऱ्याच चुका काढल्या, मी दुरुस्त्या केल्या, आणि शेवटी त्यांनी ते ठेवून घेतलं. त्या दिवशी मी घरी बासुंदी आणली. बायकोने विचारलं, "कुणाचं काय?" मी म्हणालो, "माझं." एवढंच सांगता आलं.

आता सुभेदार. नाव हणमंतराव निकम, गाव रहिमतपूरजवळ. फौजेत सिग्नलमध्ये होते, नायब सुभेदार होऊन आले. उसाची आणि आल्याची थोडी जमीन होती, पण बिनतारी आणि तारा हाताळलेल्या माणसाला नुसतं शेतात करमेना, म्हणून सातारच्या खोलीवर लागले. खोली अशी ठेवत की पायातल्या चपला आपोआप बाहेर निघत. सकाळी कामावर आले की त्यांचा मला फोन येई, आणि तो एकाच साच्यातला :

"सांगली, सांगली, सातारा बोलतोय. पोचतंय का?"

मीही टेलिफोनवाला. मला त्यात घरच्यासारखं वाटे. "पोचतंय, सुभेदार," म्हणायचं आणि मग चहा.

नवा बोगदा दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू करायचा, अशी आमचे व्यवस्थापक मोहिते यांची इच्छा होती. आदल्या दिवशी, म्हणजे खांडेनवमीला, मी जोडणी करायला साताऱ्याला गेलो. खांडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. शेतकऱ्याचा नांगर, सुताराचा रंधा, ज्याचं जे पोट भरायचं साधन असेल ते. सातारकडे घरटी एक माणूस फौजेत, तिथे तर हा सण विचारूच नका. सुभेदारांनी खोली पुसून काढली होती. स्वच्छ टॉवेलवर पक्कड, पेचकस, टेस्टर, टॉर्च ओळीने मांडलेले. कपाटाला झेंडूची माळ.

"या साहेब. तुमचाच खोळंबा होता."

"सुभेदार, कॉम्प्युटरला चालतं का हे?"

"आवं, फौजेत वायरलेस सेटला लावायचो की कुंकू. सेटनं कवा दगा दिला न्हाई. दिला तो बॅटरीनं."

त्यांनी अनामिकेने कुंकू लावलं. कुठे लावलं हे मी नीट सांगतो, कारण पुढे सगळं त्यावर गेलं. मशीन ज्या लोखंडी कपाटात होतं, त्या कपाटाच्या बंद दारावर, वरच्या बाजूला. आपण माणसाच्या कपाळाला लावतो तसं. मशीनला त्यांचं बोटही लागलं नाही. उदबत्ती त्यांनी दाराबाहेर ओवाळली, आत धूर नको म्हणून. मग मलाही कुंकू लावलं, मी हात जोडले, आणि आम्ही दोघांनी मिळून नारळाचं खोबरं आणि कंदी पेढा खाल्ला. सुभेदारांनी हौसेने कपाटाचा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. फोटोत कपाट आहे की मशीन, ते कळत नव्हतं. मी फोटोत नव्हतो.

दसऱ्याला सकाळी सांगलीत बसून मी बोगदा सुरू केला. सुभेदारांनी सातारकडून टाईप केलं : "सांगली, सांगली, सातारा बोलतोय. पोचतंय का?" अक्षरं पडद्यावर उमटली. मी लिहिलं, "पोचतंय." ऑफिसात टाळ्या झाल्या. साताऱ्याहून आणलेले पेढे वाटले. माझ्या लेखी चाचणी झाली होती. टेलिफोनवाल्याची चाचणी तेवढीच असते. खांबावर चढलेला लाईनमन 'हॅलो' म्हणतो, एक्स्चेंजमधला 'हॅलो' म्हणतो, लाईनमन खाली उतरतो. तारेवरून माणसं पुढे किती मोठं भांडण करणार आहेत, ते कुणी तपासत नाही.

दुसऱ्या दिवशी बाळगोंडा पाटलांचा फोन आला. मिरजेकडचे जैन बागायतदार, उत्तम माणूस, पण जीभ पेरूच्या फांदीसारखी सपकन लागणारी. तेव्हा द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी होऊन कोवळी फूट आलेली होती, आणि त्यातच पावसाची एक झड येऊन गेली होती. अशा वेळी पानावर डाऊनी रोगाचा डाग दिसला तर बागायतदार पानाचा फोटो आमच्या सेवेतून सल्लागाराला पाठवी. फोटो सांभाळायचं काम सातारच्या मशीनकडे होतं. सल्लागार फोटो बघून कुठलं औषध फवारायचं ते कळवे. उशीर झाला की फुटीबरोबर येणारा घड गेला.

"पोतदारसाहेब, तुमच्या बोगद्यातनं निस्ते पाव्हणे जात्यात काय? सामान जात न्हाई?"

"काय झालं पाटील?"

"राम राम लिवलं की जातंय. पानाचा फोटो लावला की गप्प. गेला बी म्हणत न्हाई, न्हाई गेला बी म्हणत न्हाई. म्हस पाण्यात बसल्यागत बसतंय बघा."

"तुमच्याकडे नेट स्लो असेल."

"नेट स्लो? आवं, माझी सून त्याच नेटवर सिरियल बघतीया. तिथं सासू-सुनंचं भांडण कसं झरझर येतंय!"

मी हसून फोन ठेवला. मग दुसऱ्याचा आला, तिसऱ्याचा आला. दुपारपर्यंत फोनला उसंत नव्हती. मोहित्यांनी बैठक बोलावली.

"पोतदारसाहेब, तुमच्या कामात काही राहिलंय का?"

"नाही. चाचणी झाली आहे. शब्द जातायत, म्हणजे बोगदा ठीक आहे."

"मग बदललं काय?"

खरंच मला कळत नव्हतं. तेवढ्यात कुणीतरी मोबाईलवर तो फोटो काढला, झेंडूची माळ आणि कुंकू. "हे बघा की! सुभेदारांनी मशीनला न्हाऊ घातलंय!" बैठक हसली. तेवढ्याने हवा बदलली. मोहित्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असं होऊ शकतं का हो? कुंकू आत गेलं, केबल हलली, वगैरे?"

मी म्हणालो, "पूजेच्या वेळी काहीतरी हललं असेल. सांगता येत नाही."

ते वाक्य माझं. मी तिथे होतो, कुंकू कपाटाच्या दारावर होतं, मीच कपाळ पुढे केलं होतं. यातलं एकही मी बोललो नाही. त्या क्षणी मी खोटं बोलतोय असंही मला वाटलं नाही. 'सांगता येत नाही' हे जोडलं होतं ना.

कऱ्हाडहून एक तंत्रज्ञ नवी केबल आणि नवं कार्ड घेऊन साताऱ्याला निघाला. मी सांगलीत बसून राहिलो आणि पाटलांचं बोलणं कानातून जाईना. पाहुणे जातात, सामान जात नाही. केबल हलली असती तर पाहुणेही अडकले असते. मग मी बोगद्यातून मुद्दाम एकापेक्षा एक मोठी पार्सलं सोडायला लागलो. ठराविक मापापर्यंत सगळी गेली. त्यापुढचं एकही गेलं नाही. आणि कुठून काही उत्तरही आलं नाही.

तेव्हा उजेड पडला. नव्या धाटणीचा पत्ता लांब, म्हणून बाहेरचा खोकाही जुन्यापेक्षा जाड. आतलं पार्सल मोठं असलं की खोका रस्त्याच्या मापात मावत नाही. जुन्या पद्धतीत वाटेतला नाका असं पार्सल कापून, तुकडे करून पुढे पाठवी. नव्या पद्धतीत वाटेत कुणी कापत नाही. नाका पार्सल टाकून देतो आणि पाठवणाऱ्याकडे निरोप धाडतो : मोठं झालं, लहान करून पाठवा. निरोप मिळाला की पाठवणारं मशीन स्वतःच तुकडे करतं. व्यवस्था चोख आहे. फक्त निरोप घरात आला पाहिजे.

तो येत नव्हता, कारण दार बंद होतं. ते मी बंद केलं होतं. काही वर्षांपूर्वी बाहेरून कुणी खोडसाळपणा करून आमच्या मशीनला टकटक करून बेजार केलं होतं. तेव्हा मी असल्या जातीचे बाहेरून येणारे सगळे निरोप सरसकट अडवून टाकले. जे लागत नाही ते बंद, असा माझा बाणा. जुन्या पद्धतीत त्याने काही बिघडलं नाही. त्याबद्दल कौतुकही झालं होतं. नवा बोगदा खणताना मी शेकडो दारं रुंद केली, हे एक बंद दार मला आठवलं नाही.

मी ते उघडलं. दोन ओळींचं काम. त्याच सुमारास साताऱ्याहून फोन आला, "नवी केबल लावली साहेब, बघा आता." आणि पडद्यावर एकामागून एक पानांचे फोटो उतरायला लागले. हिरवी पानं, पिवळे डाग, कुणाचं बोट, कुणाच्या कोपऱ्यात बैल. ऑफिसात पुन्हा टाळ्या. मोहिते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बघा! कुंकवाचाच प्रताप!"

इथे मला बोलायचं होतं. तोंड उघडलंही असेल. लोक म्हणतील नोकरी जाण्याची भीती असेल. तशी काही भीती नव्हती, असल्या चुकीने माझी नोकरी गेली नसती. मोहिते चार शब्द बोलले असते आणि पेढा खाल्ला असता. नुसती लाज होती. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझं म्हणून उभं राहिलं होतं, त्याला पहिल्याच दिवशी डाग नको होता. मी म्हणालो, "झालं ना सुरू, बरं झालं." आणि खुर्ची मागे घेऊन चहाला गेलो.

सुभेदारांना त्याच आठवड्यात खोलीची किल्ली द्यायला सांगितलं. काढलं नाही; फाटकावर दिवसपाळीला बसा म्हणाले. त्यांचा मला फोन आला. या वेळी 'सांगली, सांगली' नव्हतं.

"साहेब, माझ्या हातनं काय हललं असंल तर सांगा. म्या लय जपून केलं हुतं. तुमी हुताच."

मी म्हणालो, "जाऊ द्या सुभेदार. होतं असं."

ते म्हणाले, "व्हय. ऱ्हावून गेलं असंल काय तरी. तुमी म्हणताय म्हंजी..." फाटकावर ते बसले नाहीत. गावी निघून गेले.

बोगदा अजून चालू आहे. मी निवृत्त झालो तरी माझे खण, माझी शून्यं भरलेले जुने पत्ते, सगळं तिथे आहे. नवी माणसं मधूनच फोन करून काही विचारतात, तेव्हा बरं वाटतं. आणि ती सुभेदारांची गोष्ट, ती आता आमच्या धंद्यात फिरते. पुण्यात एका कार्यक्रमात माझ्यासमोरच कुणी तरी ती सांगितली. तिच्यात सुभेदारांनी मशीनवर दुधाचा अभिषेक केला होता.

निवृत्तीनंतर एका खांडेनवमीला मी न कळवता त्यांच्या गावी गेलो. बोलून टाकायचं, असं ठरवूनच. अंगणात ट्रॅक्टर धुऊन उभा होता, खाली कोयते, खुरपी, पंपाचे पाने मांडलेले. त्यांची सून पूजा करत होती. सुभेदार गोठ्याच्या बाजूला, तिकडे पाठ करून बाजेवर बसलेले. मला पाहून उठले, मिठी मारली. एवढा आनंद दुसऱ्या कुणाला मला पाहून झाल्याचं आठवत नाही.

चहा देताना वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यांनी हात लावायचं सोडलंय भाऊजी. कुठल्याच अवजाराला कुंकू लावत न्हाईत. माझा हात बाधतो म्हणत्यात."

जेवण झाल्यावर आम्ही आल्याच्या शेताच्या बांधावर बसलो. मी सुरुवात केली, "सुभेदार, त्या वेळी जे झालं..."

"त्या येळचं काढू नगा साहेब. चूक माझी. पर तुमी एका शब्दानं बोलला न्हाईसा. दुसरा सायेब असता तर आईमाई काढली असती. तुमी म्हणला, जाऊ द्या. म्या इसरलो न्हाई." मग पुढे वाकून त्यांनी मातीत हात घातला. "ह्या वर्साला सड न्हाई लागली, गड्डा बघा कसा हाय!"

त्यांनी पिशवीभर आलं दिलं. मी घेतलं.

तेव्हापासून मी दर खांडेनवमीला जातो. आम्हा दोघांचं छान जमतं. ते फौजेचं सांगतात, मी खात्याचं. पावसाचं, पाटाच्या पाण्याचं, गुडघ्यांचं, नातवंडांचं, सगळं बोलून होतं. दिवस चांगला जातो. ते एकच राहतं.

या वर्षी मी ठरवलं की आपलं बोलणं फार लांबलचक असतं, म्हणून अडतं. दार, निरोप, खोका, हे सगळं सांगायला गेलो की ते मध्ये आलं दाखवतात. तेव्हा लहान करायचं. सांगलीहून गाडीत बसल्यापासून मी तासत होतो. ताकारीपर्यंत चार वाक्यं उरली होती, मसूरला दोन. रहिमतपूरला उतरलो तेव्हा ती पाठ होती.

त्यांच्याकडे पाहुणे आले होते, व्याही मंडळी. अंगणात पूजा चालली होती. मी धीर करून पिशवीतून माझी जुनी पक्कड काढली, टेलिफोन खात्यातली, आणि सुभेदारांपुढे धरली. "हिला तुमच्या हातानं कुंकू लावा."

ते हात मागे घेत हसले. "नगं साहेब. तुमची बी बिघडंल." आणि व्याह्यांकडे वळले. "आवो पाव्हणं, ह्यो किस्सा तुमास्नी ठावं न्हाई! म्या साताऱ्यात मशीनला कुंकू लावलं आन् तिकडं सांगलीच्या बागा मुक्या झाल्या!" व्याही हसायला लागले, वहिनी पदराआड हसल्या. सुभेदार स्वतःही हसत होते. मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "खोटं वाटत असंल तर ह्यास्नी इचारा. सांगा की साहेब, तुमी हुता की!"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"होतो," मी म्हणालो. "होतो मी तिथे."

पक्कड मी परत पिशवीत ठेवली. संध्याकाळी ते मोटरसायकलवरून मला स्टेशनात सोडायला आले. गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून म्हणालो, "सुभेदार, ऐका..." ते दोन पावलं बरोबर चालले, कानामागे हात लावला, आणि फलाट संपला.

घरी येऊन चूळ भरतोय तोच फोन वाजला. किती वर्षांनी ते शब्द ऐकले :

"सांगली, सांगली, सातारा बोलतोय. पोचतंय का?"

"पोचतंय, सुभेदार."

"काय म्हणत हुता तवा? गाडीच्या खडखडाटात काय कळलं न्हाई."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"काही नाही," मी म्हणालो. "प्रसादाचे पेढे चांगले होते."

"मग झालं. ठिवतो."

सुभेदार, कुंकवाने काही बिघडलं नव्हतं. दार मी बंद केलं होतं. एवढंच म्हणायचं होतं.